भट्टीत फुटलेले सहा गोटे: कॅल्सेडोनी कापण्या-तापवण्याचं एक प्रकरण

या प्रकरणातली माणसांची आणि गावांची नावं गाळली आहेत. बाकी जे घडलं ते घडलं तसं, माझ्या चुकांसकट.

पार्श्वभूमी

माझा धंदा पोलादाचा. पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत माझं हीट ट्रीटमेंटचं, म्हणजे पोलाद तापवून कडक करून देण्याचं, छोटं युनिट आहे. डाय, पंच, शाफ्ट येतात, ८५० अंशांच्या आसपास लाल होतात, तेलात बुडतात, टेंपरिंग होऊन, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा मंद तापून, परत जातात. दगडाशी संबंध आला तो युनिटच्या फरशीपुरताच.

एका डिसेंबरात पुरातत्त्वशास्त्रात संशोधन करणारी एक मुलगी ओळखीतून आली. तिला इथे ताई म्हणतो. रिक्षातून तिने एक पोतं उतरवलं आणि विचारलं, "काका, हे तीनशे अंशांना तापवून द्याल?" पोत्यात मुठीएवढे, काही नारळाएवढे गोटे होते. वरून खरबरीत, मातकट. फोडलेल्या बाजूने मेणासारखे, अर्धवट पारदर्शक.

घोड आणि भीमा खोऱ्यातल्या पहिल्या शेतकऱ्यांवर एक छोटं प्रदर्शन भरणार होतं. इनामगावचं नाव बऱ्याच वाचकांनी ऐकलं असेल. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे हे लोक तांबं वापरत, पण तांबं दुर्मीळ. रोजचं कापणं, खरवडणं, कणसं छाटणं हे कॅल्सेडोनीच्या, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या मेणचट दगडाच्या, लहान लहान पात्यांवर चाले. अशी पाती तिथे ढिगाने सापडली आहेत. ताईला प्रदर्शनात अशी चाळीसेक पाती नव्याने करून ठेवायची होती आणि त्यांतली काही लाकडी दांड्यात राळेने बसवून विळा दाखवायचा होता. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात उद्घाटन.

दगड आणला कुठून, याची गोष्ट थोडी सांगतो, कारण पहिला निर्णय तिथेच झाला. दख्खनचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यातल्या वायूच्या पोकळ्यांत पुढे सिलिका साचून कॅल्सेडोनी, अकीक, जास्पर तयार झाले. विहीर खणताना मुरमाबरोबर हे गोटे निघतात आणि शेतकरी ते बांधावर फेकतो. ज्यांच्या बांधावरून ताईने दगड उचलले, ते म्हणाले, "मॅडम, पलीकडे पांढरीवर या, तिथं तर पायाखाली फोडलेली गारगोटी आहे." पांढर म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. तिथली फोडलेली गारगोटी म्हणजे जुन्या माणसांच्या कामाचा कचरा, आणि तोच तर तिच्या अभ्यासाचा पुरावा. तिने तिथला एक तुकडाही उचलला नाही. विहिरीच्या ढिगातलेच गोटे घेतले.

अडचण

कच्ची कॅल्सेडोनी चिवट असते. ताईने माझ्यासमोर एक गोटा फोडून दाखवला. मांडीवर चामड्याचा तुकडा, डोळ्यांवर गॉगल, हातात गोल गोटा हातोडी म्हणून. घाव बसला, छिलका निघाला, पण अर्ध्यातच तुटला आणि दगडावर जिन्याच्या पायरीसारखी खाच राहिली. पुढचा घाव त्याच पायरीला अडला. दहा घावांनंतर तो गोटा सगळीकडून पायऱ्या-पायऱ्यांचा झाला आणि त्यातून कामाचं पातं एकही निघेना.

पातं हा साधा छिलका नव्हे. ते लांबट, समांतर धारांचं, मधोमध कणा असलेलं निघावं लागतं. त्यासाठी गाभ्याच्या, म्हणजे ज्या दगडातून पाती काढायची त्याच्या, एका कडेला दोन्ही बाजूंनी आळीपाळीने छिलके काढून आधी एक शीर उभी करतात. मग त्या शिरेच्या टोकावर नेमका दाब किंवा घाव दिला की भेग शिरेचा आधार घेत सरळ खाली धावते. पहिलं पातं गेलं की त्याच्या दोन कडा पुढच्या पात्यांना वाट दाखवतात. ही युक्ती आपल्याकडच्या ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या इनामगावसारख्या वस्त्यांच्या काळातल्या, कारागिरांना पक्की ठाऊक होती. पण भेग धावायला दगड एकसारखा हवा, आणि कच्च्या दगडात ती मध्येच दम सोडत होती.

दगड तापवला तर तो चांगला फुटतो, हे माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पिनॅकल पॉइंट इथे सुमारे ७२,००० वर्षांपूर्वी सिल्क्रीट नावाचा दगड आगीत तापवून मग घडवल्याचे पुरावे आहेत. युरोपातल्या हिमयुगीन सोल्युट्रियन कारागिरांचंही तेच. आधुनिक काळात १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहोच्या डॉन क्रॅबट्री यांनी स्वतः दगड तापवून आणि घडवून हे अभ्यासकांपुढे ठेवलं. आणि आपल्या शेजारी गुजरातेत खंभातचे अकीक कारागीर हे आजही करतात. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतला अकीक आधी उन्हात सुकवायचा, मग मडक्यांत घालून गोवऱ्यांच्या राखेत रात्रभर भाजायचा, मगच फोडायला घ्यायचा. ताईने ते स्वतः पाहिलं होतं: जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळीच्या टोकावर दगड टेकवायचा आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने वरून मारायचं. हातोडी दगडाला वरून लागते, पण छिलका निघतो खालच्या टोकाच्या बाजूने.

मग माझ्याकडे कशाला आली? तर विजेची भट्टी, तापमानाचा आकडा आणि तो हवा तितका वेळ धरून ठेवणारा कंट्रोलर माझ्याकडे होता.

पहिला लॉट: माझी घाई

इथे माझ्या धंद्याच्या सवयीने घात केला. तीनशे-साडेतीनशे अंश म्हणजे आमच्याकडे टेंपरिंग, म्हणजे निवांत काम. लाल होण्याच्या आसपासही नाही. त्यात कसली भीती, असं वाटलं. एकाच गोष्टीची धास्ती होती, की चुकून हार्डनिंगचा प्रोग्रॅम लागला आणि ५७३ अंश ओलांडले तर क्वार्ट्झची रचनाच बदलते, तो फुगतो आणि दगडाचं वाटोळं होतं. तेवढं जपलं. बाकी सहा अख्खे गोटे जाळीवर ठेवले, ३५० सेट केलं, दीड तासात तिथे पोचायचं असं सांगितलं आणि चहाला गेलो.

पाऊण तासाने पोऱ्या धावत आला. भट्टीतून लाह्या फुटाव्यात तसा आवाज येत होता. मग एक मोठा धप्प. बंद केली. आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं सोडून, काय झालंय बघू म्हणून, संध्याकाळी दार उघडलं.

सहापैकी एक गोटा फुटून त्याचा तुकडा भट्टी तापवणाऱ्या कॉइलच्या खाचेत जाऊन बसला होता. दोघांच्या अंगावरून बाटलीच्या बुचाएवढ्या गोल चकत्या उडाल्या होत्या. चकतीखालचा खड्डा इतका नीट, की कुणी चमच्याने काढला असावा. उरलेल्या तिघांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. दार उघडल्यावर त्यांतला एक माझ्यासमोर "टिक" असा वाजला आणि दोन झाला.

ताई रागावली नाही. पोत्यातले चांगले बावीस गोटे होते, त्यांतले सहा गेले, एवढंच म्हणाली. कॉइलचा खर्च माझा मी सोसला.

काय चुकलं, ते नंतर दोघांनी बसून लावलं. पोलाद उष्णता पटकन आत नेतं आणि ताण आला तर थोडं वाकून घेतं. दगड या दोन्ही बाबतीत उलटा. बाहेरचा थर तापून फुगतो तेव्हा आतला थंडच असतो. कॅल्सेडोनीच्या बारीक छिद्रांत आणि तंतूंच्या फटींत पाणी असतं. ते वाफ होऊन बाहेर यायला वेळ मागतं, आणि वेळ मिळाला नाही तर वरची चकती उडवून येतं. थंड होताना तर आणखी वाईट. वरचा थर आधी आकसतो, त्यावर ओढ येते, आणि ठिसूळ वस्तू ओढीत सगळ्यात आधी मरते. पोलादाला क्वेंचिंग देताना, म्हणजे लाल असतानाच तेलात बुडवताना, जो धक्का मी रोज मुद्दाम देतो, नेमका तोच मी दार उघडून दगडाला दिला होता.

पर्याय

जानेवारी सुरू झाला होता. समोर असलेले मार्ग आम्ही कागदावर मांडले.

कच्च्याच दगडातून निवडून काम करायचं. यात भट्टीची भानगड नाही, आणि ताईच्या मते प्रामाणिकपणाही जास्त. इनामगावकरांनी दगड भाजला होता, असा दावा ती करणार नव्हतीच. पण तिच्या हाताला अजून ती ताकद आणि अचूकता नव्हती, आणि सोळा गोट्यांत चाळीस पाती काढायची होती.

खंभातहून भाजलेला अकीक विकत आणायचा. सोपं होतं. पण घोडकाठच्या पात्यांच्या शेजारी रतनपूरचा दगड ठेवून वर "स्थानिक दगड" लिहिणं तिला पटेना. मलाही नाही.

काच वापरायची. जाड बाटलीचा तळ फार छान फुटतो. सरावासाठी आम्ही काच वापरलीही, प्रदर्शनासाठी नाही.

मडक्यात, राखेत भाजायचं. किंवा विजेच्या भट्टीत, पण यावेळी हळू.

शेवटचे दोन्ही करायचे ठरले. मुख्य भिस्त भट्टीवर, आणि एक मडकं तुलनेसाठी. माझा आग्रह होता की पुढचा लॉट घालण्याआधी दगड कापायचा. जाडी कमी झाली की आतलं-बाहेरचं अंतर कमी, वाफेची वाट कमी, धोका कमी. हा मुद्दा ताईने मान्य केला आणि लगेच त्यातली मेख काढली.

कापायचं किती?

दगडाच्या १०-१२ मिलिमीटरच्या फोडी केल्या तर भट्टीत त्या बिनधास्त निघतील. बाणाची टोकं करणारे हौशी लोक तसंच करतात. पण फोडीतून पातं निघत नाही. पात्याला गाभ्याची जाडी लागते, शीर उभी करायला अंग लागतं. म्हणजे भट्टीला हवा पातळ दगड आणि ताईला हवा जाड.

या एका प्रश्नावर दोन संध्याकाळी गेल्या. मी म्हणायचो २०, ती म्हणायची ५०. शेवटी तिनेच तोड काढली. गोट्याच्या दोन बाजू करवतीने समांतर कापायच्या आणि ३५ मिलिमीटर जाडीची वडी करायची. कापलेल्या सपाट बाजू आणि कड यांचा काटकोन मिळतो, तोच पहिल्या शिरेचा पाया. मग कच्च्या दगडातच, भाजण्याआधी, कडेला आळीपाळीने घाव देऊन शीर उभी करायची. शीर ओबडधोबड झाली तरी चालते, कारण ती पहिल्या पात्याबरोबर निघून जाते. भाजल्यावर फक्त पाती काढायची.

मला यातलं सगळ्यात पटलं ते हे, की यात ओबडधोबड काम ओबडधोबड दगडावर आणि नाजूक काम भाजलेल्या दगडावर होणार होतं. आमच्याकडेही मशिनिंग आधी, हार्डनिंग नंतर. फक्त पोलाद भट्टीतून कडक होऊन येतं आणि हा सोपा होऊन येतो.

कापण्यातही दोन चुका झाल्या. पहिली वडी मी फरशीवाल्याच्या मार्बल कटरने कोरडीच कापली. पाच मिनिटांत शेडमध्ये पांढरा धूर पसरला आणि ताईने प्लग ओढून काढला. ती सिलिकाची धूळ होती. खंभातच्या अकीक घासणाऱ्यांमध्ये सिलिकोसिस हा धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार किती पसरलेला आहे, याच्या नोंदी वैद्यकीय अभ्यासांत आहेत. एकदा फुप्फुसात बसलेली ही धूळ निघत नाही. त्यानंतर कोरडं कापणं बंद, घाव घालतानाही मास्क आणि उघड्यावर बसणं. साधा कापडी मास्क या धुळीला चालत नाही. माझ्याकडे शॉट ब्लास्टिंगसाठी असलेले कार्ट्रिजचे मास्क वापरले.

दुसरी चूक आमची नव्हती, पण निस्तरावी आम्हालाच लागली. खडे घासणाऱ्या एका कारागिराकडे डायमंड ब्लेडची मोठी करवत होती. काप सुरेख आला, पण त्याची करवत तेलावर चालायची. तेल दगडात झिरपतं. पहिल्या तीन वड्या डिटर्जंटच्या गरम पाण्यात दोन दिवस, मग लाकडाच्या भुशात दोन दिवस ठेवल्या, तरी भट्टीत धुरकट वास आला आणि कडेला तपकिरी डाग राहिले. बाकीच्या वड्या पाण्यावर चालणाऱ्या करवतीवर कापल्या.

चाचणीचे तुकडे

त्या सोळांबाहेरच्या एका गोट्यातून १२ मिलिमीटरच्या पाच फोडी मुद्दाम काढल्या. एक कच्ची ठेवली. बाकीच्या चार वेगवेगळ्या वेळी २२०, २६०, ३०० आणि ३४० अंशांना भाजल्या. मोठी भट्टी कामात होती, म्हणून चाचणीची लहान मफल भट्टी वापरली.

पहिला धडा तापमानाबद्दल नव्हताच, तो मोजण्याबद्दल होता. दगड वाळूच्या थरात पुरले होते. पॅनेलवर ३०० दिसत असताना वाळूत खुपसलेल्या दुसऱ्या थर्मोकपलवर, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेवर, २४० होते. पॅनेल भट्टीतल्या हवेचं तापमान सांगतं, दगडाचं नाही. पोलादाच्या लॉटला हा फरक मी वर्षानुवर्षं सोकिंगचा, म्हणजे तापमान धरून ठेवण्याचा, वेळ वाढवून भागवत आलोय, आणि दगडाच्या वेळी नेमका विसरलो.

फोडी तयार झाल्यावर ताईने प्रत्येकीच्या कडेला तांब्याच्या टोकाने दाबून एकेक छिलका काढला. (सांबरशिंगाचं टोक यासाठी उत्तम म्हणतात, पण वन्यजीव कायद्यामुळे आपल्याकडे शिंगाचा व्यवहार चालत नाही. आम्ही लाकडी मुठीत जाड तांब्याची तार ठोकली. ताम्रपाषाण काळाच्या प्रदर्शनाला ती शोभलीही.) कच्च्या फोडीवर तार घसरली आणि कड चुरली. २२० वाली जरा बरी. २६० वर छिलका फोडीच्या अर्ध्यापर्यंत धावला आणि निघालेली जागा तूप चोळल्यासारखी चमकली. गंमत म्हणजे त्याच फोडीचा करवतीने कापलेला भाग पूर्वीसारखाच मंद होता. चमक फक्त भाजल्यानंतर फुटलेल्या जागेवर येते. जुन्या अवजारांवर एकाच दगडाचा एक भाग मंद आणि एक चकचकीत दिसला, तर पुरातत्त्वज्ञ तो भाजलेला असावा असा अंदाज बांधतात, तो याच खुणेवरून.

३०० वर छिलका आणखी सहज निघाला, पण कडा मोडायला लागल्या. ३४० वर फोडीच्या काठाला तीच कोळ्याची जाळी. आम्ही २७५ ठरवलं, वाळूतल्या थर्मोकपलवर.

रंगाने फसू नका, असंही इथेच कळलं. सोळा गोट्यांत तीन पिवळसर जास्परचे होते. त्याचा तुकडा भाजून विटकरी लाल निघाला, कारण पिवळं लोह-खनिज गोएथाइट पाणी सोडून हेमॅटाइट होतं. पण पांढऱ्या कॅल्सेडोनीत लोहच नव्हतं, ती फक्त किंचित दुधाळ झाली. रंग बदलला नाही म्हणून ती परत भट्टीत घालायला निघालो होतो.

भाजणी

चौदा गाभे तयार झाले. दोन गोटे कापतानाच आतून पोकळ, स्फटिकांचे निघाले.

ते आधी आठ दिवस गच्चीवर उन्हात. मडक्याच्या प्रयोगासाठी ज्या कुंभार मामांकडे गेलो होतो, त्यांनी एक गाभा गालाला लावून पाहिला. कच्चं मडकं वाळलंय की नाही हे ते तसंच बघतात. गार लागलं की ओल आहे. मग हसून म्हणाले, "हा तर मरेपर्यंत गारच लागणार." आम्ही वजनकाटा वापरला. एक गाभा ४३६ ग्रॅमचा होता, चार दिवसांत ४३३ झाला आणि तिथेच थांबला. वजन उतरायचं थांबेपर्यंत भट्टी नाही, असा नियम केला.

दोन लॉट, प्रत्येकी सात गाभे, कोरड्या वाळूत, एकमेकांना न टेकवता. ११० अंशांना पूर्ण एक दिवस. मग तासाला १५ अंश या चालीने २७५ पर्यंत. तिथे आठ तास. मग वीज बंद, दार बंद, पन्नासच्या खाली येईपर्यंत हात लावायचा नाही. एका लॉटला साधारण तीन दिवस. त्या तीन दिवसांत गिऱ्हाइकाचं काम थांबलं, हेही हिशेबात धरा.

या दोनांतला पहिला लॉट मी शनिवारी लावला आणि मंगळवारी सकाळी काढला. सातपैकी सहा उत्तम. सातव्याच्या पोटात स्फटिकांची पोकळी होती, करवतीला ती लागली नव्हती. तो तिथून उकलला.

मामांच्या आव्यात, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीत, मडकंही लागलं. तळाशी वाळू, त्यात करवतीखाली उरलेले तुकडे, वर भाताचं तूस, भोवती गोवऱ्या. मी थर्मोकपलची तार आत सोडली होती. मडक्याच्या भिंतीजवळ ३३० पर्यंत गेलं, मध्यभागी २१० च्या वर नाही. तरी चढण आणि उतरण इतकी संथ, की फार थोडे तुकडे तडकले. पिवळे तुकडे भिंतीजवळचे लाल झाले, मधले पिवळेच राहिले. माझ्या कंट्रोलरचा पहिला प्रोग्रॅम त्या राखेपेक्षा वाईट होता, हे मला कबूल आहे.

दाराचा निर्णय

दुसरा लॉट थंड होत असताना आयोजकांचा फोन आला. मांडणी एक दिवस आधी हवी होती. पाहुणे आधी येऊन जाणार होते. रात्री अकरा वाजता वाळूतलं तापमान १६५ होतं. ताईने मला काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, "काका, सकाळपर्यंत होईल?"

होणार नव्हतं. पहिल्या लॉटचा आलेख माझ्यासमोर होता. १६५ वरून ५० ला यायला अठरा तास लागले होते. मी दार दोन इंच उघडलं. मनाशी हिशेब असा, की वाळू आहेच, ती गाभ्यांना सांभाळेल.

सकाळी सात गाभे दिसायला ठीक होते. एकाच्या सपाट बाजूवर केसासारखी रेघ होती. दुसरा ताईने हातात घेऊन नखाने वाजवला तेव्हा खणखणीत आवाजाऐवजी मडक्याचा फुटका आवाज आला. तिसरा पहिल्या घावाला मधोमध उभा फुटला. तीन गेले. तीनही दाराच्या बाजूचे होते.

यात आयोजकांचा दोष मी धरत नाही. त्यांनी तारीख विचारली, दार मी उघडलं. नाही म्हणायचा अधिकार भट्टीवाल्याचा असतो आणि तो मी वापरला नाही.

निष्पत्ती

चौदा गाभ्यांपैकी दहा कामाचे निघाले. त्यांतून चार सेंटिमीटरहून लांब अशी ४३ अखंड पाती मिळाली. ताईच्या हातची पहिली आणि शेवटची पाती शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या माणसांनी केल्यासारखी दिसतात, म्हणजे सगळं श्रेय भट्टीला देता येत नाही; हातही त्या दोन महिन्यांत बसला. तरी कच्च्या गाभ्यावर शेवटच्या दिवशी तिने करून पाहिलं तेव्हा पाचपैकी एकच पातं पूर्ण लांबीचं निघालं.

विळा झाला. राळेत थोडी राख मिसळून सहा पाती दांड्यात बसवली. गवताची एक जुडी कापली आणि दोन पाती सैल झाली. राळ जास्त ठिसूळ होती, मेण कमी पडलं. तो वेगळा विषय.

प्रदर्शनातल्या पाटीवर ताईने काय लिहावं यावर तिच्या मार्गदर्शकांशी बरीच चर्चा झाली. शेवटी लिहिलं ते असं: ही पाती आत्ताची आहेत, दगड याच खोऱ्यातला आहे, तो विजेच्या भट्टीत भाजला आहे, आणि इनामगावच्या कारागिरांनी तो भाजला होता किंवा नाही याबद्दल हा प्रयोग काही सांगत नाही. प्रत्येक पात्याच्या पोटाकडच्या, म्हणजे गाभ्यापासून सुटलेल्या, बाजूला डायमंडच्या टोकाने साल कोरलं आहे.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी दगड कापूनच भट्टीकडे यायला सांगेन. आमचा बहुतेक तोटा भट्टीत झाला असं दिसतं, पण पहिल्या सहा गोट्यांचं मरण ते अख्खे घेतले तेव्हाच ठरलं होतं. कापल्यावर पोकळी दिसते, जाडी हातात येते, आणि किती हळू जायचं हे जाडीवरून ठरवता येतं. ३५ ऐवजी ३० मिलिमीटर केले असते तर पातं थोडं अरुंद मिळालं असतं, पण दाराची चूकही कदाचित खपली असती. ताईला हे अजून मान्य नाही. तिच्या मते ३५ बरोबर होतं आणि माझं दार चुकीचं होतं.

चाचणीच्या फोडी डिसेंबरातच व्हायला हव्या होत्या. एका गोट्याचा खर्च, सहा वाचले असते.

आणि मडक्याला दुय्यम समजलो ते चुकलं. पुढच्या वेळी निम्मे गाभे मामांच्या आव्यात, मात्र मडक्याच्या मध्यावर नाही, भिंतीपासून चार बोटं आत लावेन. आलेखावर २७५ ची जागा तिथेच कुठेतरी येते.

राहता राहिला कचरा. ताडपत्रीवर गोळा केलेले छिलके, चुरा, फुटके गाभे मिळून नऊ किलो भरले. ते नदीत किंवा बांधावर टाकले तर आणखी पन्नास वर्षांनी एखादा विद्यार्थी ते उचलून ताम्रपाषाण काळाची नवी वस्ती सापडली म्हणून नाचेल, असं ताई म्हणाली, आणि ती चेष्टा नव्हती. मार्चमध्ये माझ्या नव्या कॉम्प्रेसरचं फाउंडेशन भरलं, तेव्हा खडीबरोबर ते सगळं त्यात ओतलं. काँक्रीट ओलं असताना पोऱ्याने खिळ्याने कोपऱ्यात साल कोरलं.